मोजक्या कार्डांतून दोन मुलांसाठी पोकेमॉनचे डेक कसे बांधावेत?

अंगणवेल (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. माझा मुलगा आठवीत आणि पुतणी सातवीत आहे. दोघांकडे मिळून पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमची तीनशेच्या आसपास कार्डे जमली आहेत. काही वाढदिवसाच्या भेटींतून आली, काही परदेशी असलेल्या त्यांच्या मामाने पाठवली आणि काही सुटीत घेतलेल्या पाकिटांतून निघाली. आजवर ती फायलीत लावून ठेवणे एवढाच उद्योग होता. आता मात्र दोघांनी नियमपुस्तिका नीट वाचली असून त्यांना खरोखर खेळायचे आहे.

अडचण अशी की इंटरनेटवर डेकच्या, म्हणजे खेळायला घ्यायच्या कार्डांच्या गड्डीच्या, ज्या याद्या मिळतात, त्यांतल्या प्रत्येक यादीत एकेका महत्त्वाच्या कार्डाच्या तीन-चार प्रती गृहीत धरलेल्या असतात आणि आमच्याकडे त्यांतली जेमतेम एखादी प्रत असते. म्हणून आमच्याकडे काय आहे तेच येथे सविस्तर लिहिते. वॉटर प्रकारात फ्रिगिबॅक्स चार, आर्क्टिबॅक्स तीन आणि बॅक्सकॅलिबर दोन आहेत (या एकावर एक ठेवायच्या चढत्या पायऱ्या). सायकिक प्रकारात राल्ट्स तीन, किर्लिया तीन आणि गार्डेवॉर एक. बिडूफ तीन आणि बिबॅरल दोन. चारिझार्ड एक्स (नावापुढे ‘ex’ छापलेले जास्त ताकदीचे कार्ड) एकच आहे, तो फायर प्रकारचा आहे. त्याच्या खालचे चारमँडर दोन आहेत, पण चारमेलियन एकही नाही. याशिवाय प्रत्येक प्रकारचे सुटे बेसिक, म्हणजे थेट मैदानात ठेवता येणारे, पोकेमॉन पुष्कळ आहेत.

ट्रेनर, म्हणजे खेळताना मदत करणारी, कार्डे एकूण बत्तीस आहेत. त्यांत प्रोफेसर्स रिसर्च दोन, नेमोना चार, यंगस्टर दोन, जज, आयोनो आणि बॉसेस ऑर्डर्स प्रत्येकी एक. नेस्ट बॉल चार, अल्ट्रा बॉल दोन, स्विच चार, पोशन पाच, एनर्जी सर्च दोन, एनर्जी रिट्रीव्हल दोन, रेअर कँडी एक आणि सुपर रॉड एक. हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायच्या बेसिक एनर्जी मात्र कमी आहेत; वॉटरच्या नऊ आणि सायकिकच्या सहाच.

मुलाचा आग्रह आहे की डेक चारिझार्डचाच व्हावा. एवढ्या सामग्रीत दोघांना तुल्यबळ खेळता येईल असे दोन डेक होतील का? ट्रेनर कार्डांची वाटणी कशी करावी? आणि थोडा खर्च करायचाच झाला, तर तो कशावर करावा? जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

गंगापूररोडकर

ताई, आपण संग्रहाची मोजदाद इतकी व्यवस्थित दिली आहे की निम्मे काम तेथेच झाले आहे. बहुतेक जण प्रश्न विचारताना फक्त चकाकणाऱ्या कार्डांची नावे सांगतात आणि खरी माहिती, म्हणजे कोणते कार्ड किती वेळा आहे ही, सांगायची राहून जाते. लहान संग्रहातून डेक बांधताना पहिला प्रश्न ‘आपले सर्वांत ताकदीचे कार्ड कोणते’ हा नसून ‘आपल्याकडे कोणती गोष्ट सर्वांत जास्त वेळा आहे’ हा असतो, कारण साठ कार्डे पिसून त्यांतली सात हातात येतात, तेव्हा जे पुन्हा पुन्हा आहे तेच भेटीला येते.

या कसोटीवर चारिझार्डचे काय होते ते पाहा. तो मैदानात यायचा तर आधी चारमँडर खाली बसलेला हवा, नंतर मधली पायरी गाळू देणारी एकुलती एक रेअर कँडी हातात यायला हवी, कारण मधला चारमेलियन नाही, आणि त्याच वेळी एकुलता एक चारिझार्डही हातात हवा. शिवाय फायर एनर्जी साठलेली हवी, आणि ती दर चालीला हातातून एकच लावता येते. साठ कार्डांच्या डेकमध्ये कोणतेही एकटे कार्ड सुरुवातीच्या सात कार्डांत येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आत आहे, आणि सुरुवातीला बाजूला ठेवल्या जाणाऱ्या सहा प्राइझ कार्डांत (समोरचा पोकेमॉन बाद केला की यांतले कार्ड उचलायचे) ते अडकण्याची शक्यता बरोबर १० टक्के आहे. रेअर कँडीलाही हेच लागू पडते. म्हणजे बऱ्याच डावांत चारिझार्ड दिसणारच नाही आणि मुलगा हातात न वापरता येणारी कार्डे धरून बसेल. त्याची हौस मोडावी असे मी म्हणत नाही. तो डेक पुढे बांधता येईल. परंतु पहिला डेक असा असावा की ज्यात प्रत्येक डावात काही ना काही करता येते, नाहीतर मुले चार दिवसांत कार्डे पुन्हा फायलीत ठेवून देतात.

आपल्या संग्रहात दोन ओळी सलग आहेत. फ्रिगिबॅक्स, आर्क्टिबॅक्स, बॅक्सकॅलिबर ही चार-तीन-दोन अशी उतरती रचना म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत जाणाऱ्या ओळीची जवळजवळ आदर्श बांधणी आहे. खालच्या पायरीचे कार्ड सर्वांत जास्त लागते, कारण ते आधी मिळाले नाही तर वरची दोन्ही निरुपयोगी ठरतात. आपला बॅक्सकॅलिबर पाल्डिया इव्हॉल्व्ह्ड संचातला असेल, तर त्याच्यावर ‘सुपर कोल्ड’ नावाची क्षमता छापलेली असेल. तिच्यामुळे हातातल्या बेसिक वॉटर एनर्जी एकाच चालीत हव्या तितक्या लावता येतात. एका चालीला एक एनर्जी हा या खेळातला सर्वांत जाचक नियम आहे आणि हे कार्ड तोच नियम सैल करते.

दुसरी ओळ राल्ट्सची. किर्लियाच्या तिन्ही प्रती नीट वाचून पाहा. सिल्व्हर टेम्पेस्ट संचातल्या किर्लियाला ‘रिफाइनमेंट’ ही क्षमता आहे. दर चालीला एकदा हातातले एक कार्ड टाकून दोन कार्डे ओढता येतात. तशी प्रत असेल तर गार्डेवॉर एकच आहे याची फारशी चिंता करू नये, कारण किर्लिया स्वतःच उपयोगाचा आहे. बिबॅरलही असाच वाचून पाहावा. ब्रिलियंट स्टार्स संचातला बिबॅरल दर चालीला एकदा हातात पाच कार्डे होईपर्यंत ओढू देतो. कार्ड ओढण्याची सोय पोकेमॉनमध्येच असली की सपोर्टर कार्डांची (प्रोफेसर्स रिसर्च, नेमोना, यंगस्टर यांसारख्या ट्रेनर कार्डांची) टंचाई बरीच भरून निघते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, जी यादी बनवताना सहसा सुटते. हे दोन डेक कायम एकमेकांविरुद्धच खेळणार आहेत. फायर पोकेमॉनची दुर्बलता सहसा वॉटर असते आणि दुर्बलतेमुळे बसणारा मार दुप्पट होतो. एका मुलाकडे फायर आणि दुसऱ्याकडे वॉटर दिले, तर डेक कितीही कसोशीने बांधले तरी डाव एका बाजूला झुकलेलाच राहील. वॉटर आणि सायकिक या जोडीत ही अडचण येत नाही. फ्रिगिबॅक्सची ओळ मेटलपुढे दुर्बल असते आणि राल्ट्सची बहुतेक प्रतींत डार्कनेसपुढे. म्हणून हीच जोडी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

एनर्जीच्या कमतरतेचा उपाय सोपा आहे. अपारदर्शक पाठ असलेली स्लीव्ह, म्हणजे कार्डांची प्लॅस्टिकची वेष्टने, घ्यावीत, नको असलेल्या एखाद्या कार्डापुढे ‘वॉटर एनर्जी’ लिहिलेली कागदाची पट्टी सरकवावी आणि तेच एनर्जी समजावे. पोकेमॉनच्या कार्डाचे माप ६३ × ८८ मिलिमीटर असते. स्लीव्ह घेताना मोठ्या मापाचीच घ्यावीत, कारण यु-गि-ओह या दुसऱ्या कार्ड-खेळासाठी मिळणारी लहान मापाची असतात आणि त्यांत ही कार्डे बसत नाहीत.

गणिताची वही

मी शाळेत गणित शिकवते आणि माझ्या दोन्ही मुलांबरोबर हा खेळ खेळते. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त एक बदल सुचवते, जो मला लहान संग्रहासाठी निर्णायक वाटतो. साठ कार्डांचे दोन डेक करण्याऐवजी चाळीस कार्डांचे दोन करावेत आणि प्राइझ कार्डे सहाऐवजी चार ठेवावीत. हा घरगुती शोध नव्हे; नवा संच बाजारात येण्याआधी जे प्रीरिलीज मेळावे होतात, त्यांत समोर उघडलेल्या पाकिटांतून चाळीस कार्डांचा डेक बांधून चार प्राइझवरच खेळतात.

याने काय साधते ते आकड्यांतच पाहावे. सुरुवातीच्या सात कार्डांत एकही बेसिक पोकेमॉन आला नाही, तर हात दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि समोरच्याला एक जादा कार्ड घेण्याची मुभा मिळते. साठ कार्डांत आठ बेसिक असतील, तर किमान एक हातात येण्याची शक्यता ६५ टक्के आहे. बारा असतील तर ८१ टक्के. चाळीस कार्डांत मात्र आठच बेसिक ठेवून ती ८२ टक्के होते. जी खात्री मिळवायला साठमध्ये बारा कार्डे लागतात, ती येथे आठांत मिळते. कार्ड ओढून देणाऱ्या सपोर्टरांचेही तसेच आहे. साठांत पाच सपोर्टर असतील तर त्यांतला एखादा सुरुवातीच्या हातात असण्याची शक्यता ४७ ते ४८ टक्के येते, आणि तेवढेच पाच चाळीसांत असतील तर ६४ टक्के. आपल्याकडे कमी प्रती आहेत ही वस्तुस्थिती बदलता येत नाही, पण त्या कितींत मिसळायच्या हे आपल्या हातात आहे.

आता वाटणी. मी आपली यादी समोर ठेवून बसले आणि ती आश्चर्य वाटावे इतकी समसमान निघाली. प्रत्येक डेकला प्रोफेसर्स रिसर्च एक, नेमोना दोन, यंगस्टर एक, नेस्ट बॉल दोन, अल्ट्रा बॉल एक, स्विच दोन, पोशन दोन, एनर्जी सर्च एक आणि एनर्जी रिट्रीव्हल एक द्यावे. ही तेरा कार्डे झाली. चौदावे कार्ड म्हणून वॉटरला रेअर कँडी आणि सायकिकला सुपर रॉड द्यावा. मग एकेक पोशन काढून एका डेकमध्ये जज आणि दुसऱ्यात आयोनो घालावा. दोन्ही कार्डे दोघांचेही हात बदलायला लावतात, त्यामुळे एकाला मोठा लाभ झाला असे होत नाही, आणि सपोर्टरांची संख्या चारावरून पाचावर जाते. हा पाचवा सपोर्टर पोशनपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. तीस गुण भरून येण्याने क्वचितच डाव वाचतो, परंतु रिकामा हात भरला की डाव पुन्हा सुरू होतो.

बॉसेस ऑर्डर्स मात्र एकच आहे आणि ते समोरच्याच्या बाकावरचा, म्हणजे मागे राखीव ठेवलेल्यांतला, कोणताही पोकेमॉन पुढे ओढून आणते. ते एकाच डेकमध्ये कायम ठेवणे अन्यायाचे होईल. सध्या दोन्हींतून ते वगळावे असे मी म्हणेन.

वॉटर डेकमध्ये ओळीची नऊ कार्डे आणि चार सुटे वॉटर बेसिक, म्हणजे तेरा पोकेमॉन, चौदा ट्रेनर आणि तेरा एनर्जी. सायकिकमध्ये राल्ट्स तीन, किर्लिया तीन, गार्डेवॉर एक, बिडूफ तीन, बिबॅरल दोन आणि सुटे सायकिक बेसिक दोन, म्हणजे चौदा पोकेमॉन, चौदा ट्रेनर आणि बारा एनर्जी. दोन्हींत बेसिक आठच येतात. सुटे बेसिक निवडताना कमीत कमी एनर्जीत हल्ला करणारे घ्यावेत, कारण मुख्य ओळ उभी राहीपर्यंत किल्ला त्यांनाच लढवायचा आहे.

तिसरी चाल

ताई, वरच्या दोन्ही प्रतिसादांतले हिशेब बिनचूक आहेत, पण मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी महाविद्यालयात शिकतो आणि शाळेपासून हा खेळ खेळतो. चाळीस कार्डांचा खेळ सुरुवातीला उत्तम, यात वाद नाही. मात्र तो कायमचा मुक्काम होऊ नये. स्पर्धांतला नेहमीचा खेळ साठ कार्डांचा आणि सहा प्राइझचा असतो आणि त्यात डाव लांबवण्याचे, संसाधने जपून वापरण्याचे जे कौशल्य लागते ते चाळीसांत तितके येत नाही. मुले मोठी होत आहेत. एखाद्या वर्षात त्यांना बाहेर कोणाशी तरी खेळावेसे वाटेलच.

दुसरे म्हणजे चारिझार्डचा प्रश्न इतक्या लवकर निकालात काढू नये. ज्या कार्डामुळे मुलाला खेळाची ओढ लागली, ते कार्ड फायलीत आणि तो मात्र दुसऱ्याच डेकशी खेळतो, हे मला पटत नाही. या कार्डाच्या खालची जी कार्डे कमी आहेत, ती पाहा: चारमँडर आणि चारमेलियन. ही साधी कार्डे आहेत. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात वर्तुळ असेल तर ते कॉमन, चौकट असेल तर अनकॉमन आणि तारा असेल तर रेअर. वर्तुळ आणि चौकटवाली कार्डे अदलाबदलीत सहज मिळतात, कारण प्रत्येकाकडे ती ढिगाने पडून असतात. म्हणून खर्च कशावर करावा या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की नवीन पाकिटे अजिबात घेऊ नयेत. पाकिटातून काय निघेल हे आपल्या हातात नसते आणि डेकला नेमके जे हवे असते ते त्यातून क्वचितच निघते. तेवढ्याच पैशांत सुटी कार्डे घ्यावीत किंवा साठ कार्डांचा एखादा तयार डेक घ्यावा. तयार डेकमध्ये ट्रेनर आणि बेसिक एनर्जी दोन्ही येतात, म्हणजे आपल्याकडे ज्या दोन गोष्टींची चणचण आहे त्याच नेमक्या मिळतात.

घेण्यापूर्वी मात्र कागदी पट्ट्यांवर कार्डांची नावे लिहून ती स्लीव्हमध्ये सरकवून काही डाव खेळून पाहावे. तिसरा चारमँडर खरोखर उपयोगी पडतो की दुसरी रेअर कँडी, हे यादी वाचून कळत नाही.

एक सावधगिरी सांगायला हवी. चाळीस कार्डांच्या खेळात चारिझार्ड एक्स घातलाच, तर लक्षात ठेवावे की एक्स पोकेमॉन बाद झाला की समोरच्याला दोन प्राइझ मिळतात. सहा प्राइझच्या खेळात तो तिसरा हिस्सा असतो, चार प्राइझच्या खेळात तो थेट निम्मा डाव होतो. त्यामुळे चारिझार्डसाठी साठचाच डेक बांधावा असे मला वाटते, आणि त्याच्यासमोर वॉटरचा डेक बसवू नये, हा गंगापूररोडकरांचा मुद्दा पाळावाच.

प्रेसकॉलनी

मी नाशिकरोडला राहतो. आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या कार्डांचा आम्ही पालकांनी मिळून एक सामायिक संग्रह केला आहे आणि त्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. एकेका मुलाकडे शंभर-दीडशे कार्डे होती आणि एकट्याच्या कार्डांतून कोणाचाच डेक धड होत नव्हता. आता सुटीच्या दिवशी सर्व ट्रेनर कार्डे एका पेटीत येतात, प्रत्येकाला सारखीच वाटली जातात आणि खेळ संपला की परत पेटीत जातात. पोकेमॉन ज्याचे त्याचे राहतात. कोणते ट्रेनर कोणाचे याची नोंद एका वहीत आहे, आणि खूण कार्डावर न करता स्लीव्हच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या छोट्या कागदावर केली आहे. ही नोंद पहिल्याच दिवशी करावी. मुलांची भांडणे कार्डाच्या ताकदीवरून कमी आणि मालकीवरून जास्त होतात.

हीच कल्पना ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात फार जुनी आहे. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला तो खेळ १९९३ साली बाजारात आला आणि पोकेमॉन कार्डे जपानमध्ये १९९६ साली आली. मॅजिकमध्ये पाकिटे उघडून, एक कार्ड आपल्याकडे ठेवून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवत जाण्याची पद्धत आहे आणि त्यातून चाळीस कार्डांचा डेक बांधला जातो. घरातल्या सुट्या कार्डांचे पंधरा-पंधराचे गठ्ठे करून मुलांना हे करायला लावावे. ज्याला आपला डेक स्वतः निवडावा लागला आहे, त्याला आर्क्टिबॅक्स आधी उचलावा की चकाकणारे कार्ड, हे कोणी शिकवावे लागत नाही. मॅजिकमध्ये फक्त कॉमन कार्डांवर खेळण्याचा ‘पॉपर’ हा प्रकारही रुजलेला आहे. आपल्याकडे वर्तुळ आणि चौकटवालीच कार्डे चालतील असा एखाद्या दिवसापुरता नियम केला, तर महागड्या कार्डांचा प्रश्नच उरत नाही.

ताई, संग्रहात काही खोटी कार्डे मिसळली आहेत का, हेही एकदा तपासून घ्यावे. माझे वडील येथल्या प्रेसमध्ये नोकरीला होते, त्यामुळे कागद उजेडाकडे धरून पाहण्याची सवय घरातच लागली. पातळ कागदावरच्या नकली कार्डातून दिव्याचा उजेड सहज आरपार येतो. खऱ्या कार्डाचा कागद त्यामानाने दाट असतो. मागच्या बाजूचा निळा रंग फिका किंवा जांभळट असणे, अक्षरांचा ठसा जाड असणे, शब्दांची स्पेलिंगे चुकलेली असणे, या खुणा खऱ्या कार्डाशेजारी ठेवून पाहिल्या की लगेच ध्यानात येतात. खेळण्यांच्या दुकानांत मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डे तर सरळ बाजूला काढावीत. त्यांवरचे गुण आणि हल्ल्यांचे आकडे वाटेल तसे छापलेले असतात आणि असे एक कार्ड डेकमध्ये शिरले तरी तुल्यबळपणाचा सारा हिशेब कोसळतो. अदलाबदल करताना तर हे पाहणे आवश्यकच आहे, कारण खोटे कार्ड देऊन खरे घेतले गेले की मुलांची मैत्री दुखावते.

पावसाळ्याचाही विचार करावा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत जो दमटपणा असतो, त्याने चकाकणारी कार्डे वाकतात, आणि वाकलेले कार्ड पिसलेल्या गड्डीत पाठीवरूनही ओळखू येते. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

अंगणवेल (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मुलांना समोर बसवून सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. तीनपैकी दोन किर्लियांवर रिफाइनमेंट आहे, तिसरा मात्र वेगळ्या संचातला असून त्याच्यावर निराळाच हल्ला आहे. पुतणीचा प्रश्न असा आहे की वेगवेगळ्या संचांतली एकाच नावाची कार्डे एका डेकमध्ये चालतात का, आणि एका संचातल्या राल्ट्सवर दुसऱ्या संचातला किर्लिया ठेवता येतो का. मुलाने वॉटर डेक घ्यायला होकार दिला आहे, परंतु चारमेलियनसाठी त्याने वर्गातल्या एका मित्राशी बोलणी आजच सुरू केली आहेत. त्याला विचारायचे आहे की चारिझार्ड आणि चारिझार्ड एक्स ही एकच कार्डे धरायची का. बॉसेस ऑर्डर्स वगळण्याला मात्र दोघांचाही विरोध आहे.

गंगापूररोडकर

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. या खेळात सारा हिशेब नावावर चालतो. बेसिक एनर्जी सोडून एकाच नावाची जास्तीत जास्त चार कार्डे डेकमध्ये चालतात, मग ती कोणत्याही संचांतली असोत, आणि राल्ट्सवर कोणत्याही संचातला किर्लिया ठेवता येतो. पुतणीने तिन्ही किर्लिया घालावेत. खेळताना दोन राल्ट्स बाकावर असतील, तर रिफाइनमेंटवाला किर्लिया आधी ठेवावा आणि तिसरा पुढे गार्डेवॉरसाठी पायरी म्हणून वापरावा. चारिझार्ड आणि चारिझार्ड एक्स ही मात्र नियमाने दोन वेगळी नावे आहेत. दोन्हींची मोजणी स्वतंत्र होते आणि दोन्ही चारमेलियनवरूनच येतात. मुलाला साधा चारिझार्ड कोणाकडून मिळाला, तर तोही जरूर घ्यावा, कारण तो बाद झाला तर समोरच्याला एकच प्राइझ मिळते.

कार्डांच्या खाली डाव्या बाजूला जे इंग्रजी अक्षर असते, त्याकडे घरी खेळताना दुर्लक्ष करावे. अधिकृत स्पर्धेत सध्या कोणती अक्षरे चालतात हे ठरलेले असते आणि जुनी अक्षरे टप्प्याटप्प्याने बाद होत जातात. स्पर्धेला जायचे ठरेल तेव्हाच ते पाहावे लागेल.

बॉसेस ऑर्डर्सबद्दल मुलांचे म्हणणे मला पटते. ते कार्ड वापरायला शिकणे हा खेळाचा मोठा भाग आहे. समोरच्याच्या बाकावरचा अर्धवट तयार बॅक्सकॅलिबर केव्हा पुढे ओढावा, हे त्यामुळेच कळू लागते. आधीचा डाव जो हरला त्याच्या डेकमध्ये पुढच्या डावापुरते ते एका पोशनच्या जागी घालावे. डेकची संख्या चाळीसच राहील. दोन्ही डेकची स्लीव्ह एकाच रंगाची घ्यावीत, म्हणजे हे कार्ड इकडून तिकडे नेताना स्लीव्ह बदलावे लागणार नाही.

पहिले काही डाव झाले की प्रत्येक डावाच्या शेवटी हातात कोणती कार्डे न वापरता पडून राहिली, ते दोघांना लिहून ठेवायला सांगावे. तीच नावे पुन्हा पुन्हा येऊ लागली, की ती यादी येथे टाकावी. त्यावरून कोणते कार्ड काढायचे आणि कोणते घ्यायचे हे नेमके सांगता येईल.